बिनआवाजाचा कूलर

माझा धंदा झोपेचा आहे, हे मला इंजिनिअरिंग कॉलेजात कोणी सांगितलं नाही. तिथे हवा शिकवली, पाणी शिकवलं, पंख्याच्या पात्याचा कोन शिकवला. पण मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी, वरणभात जेवून चटईवर आडवा झालेला माणूस कूलरकडून नेमकं काय मागतो, हा धडा कोणत्याच पुस्तकात नव्हता. तो मी नोकरीत शिकले, आणि शिकताना इतकी हसले की आजही गाडी चालवताना आठवलं तर बाजूला घेऊन थांबावं लागतं.

आमचा कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीत. कूलर बनवणारा. मूळचा नागपूरचाच, पण पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने तो घेतला आणि तेव्हापासून कूलर इथे, हुकूम तिथे, अशी वाटणी झाली. कारखान्याच्या पार टोकाला पत्र्याच्या शेडखाली आमचा डिझाइन विभाग होता. विभाग म्हणजे साहेब, मी आणि एक इलेक्ट्रॉनिक्सवाला. बाकी पंखे, टाक्या, वाळ्याच्या ताट्या आणि एक मांजर.

साहेब म्हणजे अस्सल माणूस. गोल, घामाघूम, आनंदी. त्यांचा एकच नियम होता आणि तो शनिवारी सकाळी लागू व्हायचा. कारखान्याच्या गेटसमोर पोह्याचा ठेला आहे. तिथे आम्ही तर्री-पोहे खायला बसायचो, आणि प्रत्येकाने एक नवी कल्पना सांगायची. कितीही येडपट असली तरी चालेल. प्लेट संपेपर्यंत कोणी ‘नाही’ म्हणायचं नाही. जो म्हणेल, त्याच्या पोह्यांवर साहेब स्वतःच्या हाताने आणखी एक पळी तर्री ओतणार. ती तर्री म्हणजे चण्याचा तो लालभडक रस्सा. एका पळीत कान गरम होतात, दुसऱ्या पळीत पूर्वज दिसतात. सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक्सवाला सगळ्यालाच ‘नाही’ म्हणायचा. दोन-तीन शनिवारांत त्याचा स्वभाव सुधारला.

पुण्याच्या हेड ऑफिसनेही कल्पनांसाठी काहीतरी केलं होतं म्हणा. कॅन्टीनमध्ये एक छान निळी पेटी लावली होती, वर लिहिलं होतं ‘आपल्या नवकल्पना इथे टाका’. एकदा उघडली तर आत सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्न्या आणि ‘डाळ पातळ आहे’ अशी एक चिठ्ठी. साहेब म्हणाले, “घ्या. एक तर कामाची निघाली ना!”

आता घरचं सांगते, त्याशिवाय माझा जीव कशात अडकला होता ते कळायचं नाही. आम्ही विणकर. उमरेडचे. बाबा मी शाळेत असेपर्यंत हातमागावर बसायचे, मग माग गेला आणि आम्ही नागपुरात आलो, बाबा कापडाच्या दुकानात लागले. मी इंजिनिअर झाले त्या दिवसापासून नातेवाईकांचा एकच प्रश्न, “मंग? पुण्याले कधी जाऊन राहिली?” माझ्या वर्गातले झाडून सगळे गेले. पुणे, बंगळूर, हैदराबाद. नागपुरात राहून करिअर होत नाही, असं इथली पोहेवाल्याची बाईसुद्धा सांगते. मला मात्र जायचंच नव्हतं. आईबाबा इथे आहेत म्हणून, आणि दुसरं म्हणजे कूलरचं काम कूलरच्या गावात करायचं म्हणून. ज्या गावात संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी लागते, तिथे बसून कूलर काय डोंबल्याचे बनवणार? पण हे बोलले की लोक माझ्याकडे अशा दयेने बघायचे की जणू मी नापास झाले आहे.

तर अशात एक दिवस मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मॅडम म्हणजे हेड ऑफिसच्या मोठ्या बाई. बोलणं एकदम नीटनेटकं, एक शब्द जास्त नाही. त्या म्हणाल्या, लोक आता आवाज सहन करत नाहीत, तुम्ही बिनआवाजाचा कूलर करून दाखवा. मेमध्ये मी येईन. जमलं तर ठीक. नाही जमलं तर डिझाइनचं काम पुण्याला हलवू. ज्यांना यायचंय त्यांनी पुण्याला यावं, बाकीच्यांना सर्व्हिसमध्ये सामावून घेऊ.

सर्व्हिस म्हणजे लोकांच्या घरी जाऊन पंपातला गाळ काढणे. वाईट काम नाही ते, पण मी त्यासाठी जागून अभ्यास केला नव्हता. कॉल संपला तेव्हा साहेबांनी पहिल्यांदाच डब्यातली पोळी अर्धी ठेवली. मला रडू येत होतं आणि रागही. रागच जास्त. मी म्हटलं, “साहेब, असा कूलर बनवू का तो चालू आहे का बंद हे पाहाले हात लावा लागंन.”

आणि बनवला! काय दिवस होते ते. पाती वाकवली, परत वाकवली. मोटरखाली रबर घातलं. पाणी वरून टपटप पडायचं ते ताटीच्या आतूनच सरकत खाली येईल असं केलं. प्रत्येक शनिवारी काहीतरी खुळचट सुचायचं आणि त्यातलं एखादं चक्क चालायचं. साहेबांनी मला तेव्हा सगळं करू दिलं. पत्रा कापायला लावलं, पुरवठादाराशी भांडायला पाठवलं, सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावलं. “चुकशीन तर चुक,” म्हणायचे, “पण माह्यासमोर चुक, म्हणजे मलेबी मजा येते.” शेवटी एका दुपारी कूलर लावला तर काही ऐकूच येईना. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने प्लग तपासला. मग माझी ओढणी उडाली. आम्ही तिघं त्या शेडमध्ये लहान पोरांसारखे नाचलो. मांजर घाबरून पळालं.

झालं, जिंकलो, असं वाटलं. मॅडम यायला अजून अवकाश होता, म्हणून साहेब म्हणाले की तीन ठिकाणी लावून पाहू. एक त्यांच्या हुडकेश्वरच्या घरी, एक नागपूरजवळच्या वाडीला त्यांच्या मित्राच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, आणि एक आमच्याकडे.

दुसऱ्याच दिवशी साहेब डोळे लाल करून आले. “बेटा, घरात बम तमाशा झाला.” झालं असं की त्यांच्या घरी दुपारी सासू-सून वेगवेगळ्या खोल्यांत आडव्या होतात आणि आपापल्या बहिणींशी फोनवर बोलतात. इतकी वर्षं मधे कूलर घोंघावायचा, त्यामुळे घर सुखी होतं. काल पहिल्यांदाच सगळं सगळ्यांना ऐकू गेलं. साहेबांची आई म्हणाली, “कोण झोपा काढते वं दिवसभर? मी?” तिथून जे सुरू झालं ते रात्रीच्या जेवणापर्यंत. साहेब मला म्हणाले, “तो कूलर आजच्या आज माह्या घरून उचल.”

वाडीचा फोन त्याच्यावर कडी. तिथे ट्रकवाले दुपारी ऑफिसात गाद्यांवर लवंडतात. मालक माझ्यावर ओरडत होता, “अवं ताई, पोट्टे झोपूनच नाही राहिले! एकमेकाचं पोट वाजते ते आयकून हसून राहिले! मले तो जुना डब्बा वापस पाठवा.”

मी घरी आले तर बाबा चटईवर डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. कूलर छान चालू होता. खोली थंडगार. मी विचारलं, “बाबा, झोप नाही लागून राहिली का?”

“हवा मस्त आहे वं,” बाबा म्हणाले. माझ्या कामाला ते कधी नावं ठेवत नाहीत. “पण असं वाटते का काहीतरी बंद पडलं. मग उठून पाहा वाटते.”

मी त्यांच्याशेजारी आडवी झाले. खरंच, काय विचित्र वाटत होतं! घड्याळ ऐकू येत होतं. शेजाऱ्यांच्या नळाचं पाणी ऐकू येत होतं. बाबा आढ्याकडे बघतच म्हणाले, “तू लहानी होती तवा माग चालू असला का तू गपचूप झोपे. आणि माग थांबला रे थांबला का भोकाड पसरे. तुही माय म्हणे, जेवाले उठू नका, पोरगी उठते.”

मी ताडकन उठून बसले. अगं माय वं! आम्ही माणसांची झोपच काढून घेतली होती. या गावात जन्मलेला प्रत्येक जीव पाळण्यात असल्यापासून घर्र-घर्र ऐकत झोपला आहे, आणि आम्ही शहाण्यांनी महिनोन्‌महिने खपून नेमकं तेच घालवलं. मी बाबांच्या गळ्यात पडले. ते म्हणाले, “काय झालं वं हिले?” आणि आईला हाक मारली. आई आतून पापड घेऊनच आली. ते पापड पुण्यासाठी होते. पुण्याचं कानावर आल्यापासून तिने गुपचूप डबे भरायला घेतले होते, आणि बाबांनी त्यावर एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

शनिवारी ठेल्यावर मी म्हटलं, “आवाज परत टाकू.”

इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं तोंड ‘ना’ म्हणायला उघडलं. साहेबांनी तर्रीची पळी उचलली. तोंड बंद झालं. मी सांगितलं की कूलर बिनआवाजाचाच ठेवू, पण त्याला एक खटका देऊ. ज्याला शांतता हवी त्याने शांतता घ्यावी, ज्याला झोप हवी त्याने खटका फिरवावा. साहेबांनी प्लेट खाली ठेवली आणि ठेल्यावरच टाळ्या वाजवल्या. लोक बघायला लागले. आमचे साहेब कोणाला भितात!

इलेक्ट्रॉनिक्सवाला आता पेटला होता. म्हणाला, सोपं आहे, जुन्या कूलरचा आवाज रेकॉर्ड करतो आणि आत छोटा स्पीकर बसवतो. स्वतःच्या घरी रेकॉर्ड केला, बसवला, आणि आम्ही तो वाडीला नेऊन लावला. ट्रकवाले पाचच मिनिटांत घोरायला लागले. आम्ही दारात उभं राहून एकमेकांना कोपराने ढोसत होतो. तेवढ्यात कूलरमधून त्याच्या आईचा आवाज आला, “अरे, दूध उतू चाललं ना! गॅस बंद कर!” सगळेच्या सगळे ट्रकवाले धडपडून उठले. एक तर खरंच मागच्या खोलीत गॅस बघायला धावला. मी तिथेच पायरीवर बसले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी. इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणत होता, “आई मधे बोलली ते मले माहीतच नाही!”

मग स्पीकर काढला आणि साधं केलं. पंख्यामागे पत्र्याच्या पट्ट्यांची एक झडप बसवली. खटका फिरवला की झडप वाऱ्यात तिरपी होते आणि पत्रा घुमतो, आणि पाणीही थोडं उंचावरून टाकीत पडतं. थोडा फिरवला तर आवाज शेजारच्या खोलीतल्या कूलरचा, पूर्ण फिरवला तर जुन्या लोखंडी डब्ब्याचा. वाडीचे पोट्टे ट्रक भरायची वेळ झाली तरी उठेनात. आमच्या घरच्या कूलरलाही मी तसाच खटका बसवला.

आता मॅडम. मे महिना, नवतपा म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस सुरू, बाहेर कावळासुद्धा दिसत नव्हता. मॅडम आणि त्यांच्यासोबत पुण्याचे दोन साहेब विमानतळावरून थेट आले. आमच्या साहेबांना कोणी पाहुणा दिसला की त्यांच्यातला यजमान खवळतो. मी हजारदा सांगितलं होतं, आधी कूलर दाखवू, मग जेवण. छे! “उपाशी माणसाले का दाखवते तू?” वडाभात, वर फोडणीचं तेल, पाटवडी-रस्सा, शेवटी संत्रा बर्फी. पुण्याचे दोन्ही साहेब आधी “थोडंच” म्हणत होते. मग म्हणेनासे झाले.

शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. “आयक बेटा. त्यांनी शांत मांगला, शांत दाखव. खटक्याचं नाव काढू नको. आपला विभाग वाचला का मग पाहू.” त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता. सर्व्हिसमध्ये त्यांनाही जायचं नव्हतं, या वयात.

कूलर लावला. शांतता. मॅडमनी जवळ जाऊन हवेसमोर हात धरला, पदर हलला, आणि त्या पहिल्यांदा हसल्या. “उत्तम. हेच हवं होतं.” साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड! मला वाडीचे ते पोट्टे दिसत होते, छताकडे बघणारे बाबा दिसत होते. मी म्हटलं, “मॅडम, याच्यासमोर कोणाला झोप येत नाही. आम्ही लावून पाहिला.” आणि खटक्याचं सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी डोळे मिटले.

“म्हणजे,” मॅडम शब्द तोलत म्हणाल्या, “आम्ही आवाज काढायला सांगितला, आणि तुम्ही तो काढून परत घातलात?”

“हो.”

“आणि हे पुण्यात मी बोर्डासमोर कसं सांगू?”

आता माघार कसली. मी म्हटलं, “तुम्ही सांगू नका. नुसत्या बसा. थोडा वेळ शांत, थोडा वेळ आवाजाचा. नाही पटलं तर मी स्वतः सामान बांधते.” हे बोलले आणि आईचे ते डबे डोळ्यांसमोर आले. बाई गं, काय बोलून गेले मी!

त्या बसल्या. आधी शांत. एका साहेबांची खुर्ची करकरली. दुसऱ्यांच्या पोटात पाटवडी काहीतरी बोलली आणि ती सगळ्यांनी ऐकली. मॅडमनी फोन काढला, ठेवला, परत काढला. मग मी खटका फिरवला. घर्र… असा तो जुना, ओळखीचा आवाज शेडभर पसरला आणि टाकीत पाणी पडायला लागलं. पोट वाजणारे साहेब पहिले गेले, हनुवटी छातीवर. मग दुसरे. मॅडम ताठ बसल्या होत्या, मला वाटलं ही बाई काही हरणार नाही. मग त्यांचा फोन हळूच मांडीवर उतरला, मान खुर्चीला टेकली. आणि आमचे साहेब? ते तर केव्हाचेच घोरत होते! विभागाचं मरण समोर आणि हा माणूस गाढ झोपलेला. इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि मी एकमेकांकडे बघितलं असतं तर फुटलोच असतो, म्हणून तो भिंतीकडे बघत होता आणि मी मांजराकडे.

किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग लाइट गेली. उन्हाळ्यात एमआयडीसीत जाते तशी, न सांगता. कूलर थांबला, आणि त्याच क्षणी सगळेच्या सगळे जागे झाले. एकदम. आवाज नाही, धक्का नाही, नुसती ती शांतता पडली आणि चारही जण खुर्चीत ताठ.

मॅडमचे केस विस्कटले होते, गालावर खुर्चीच्या विणीचे वळ. त्या गोंधळून, थोड्या रागाने माझ्याकडे बघत म्हणाल्या, “बंद का केलात?”

“मी नाही केला मॅडम, लाइट गेली.”

“मग जनरेटर लावा ना! किती छान…” आणि त्या थांबल्या. साहेबांकडे बघितलं, कूलरकडे बघितलं, स्वतःच्या घसरलेल्या चपलेकडे बघितलं. मग हसायलाच लागल्या. नीटनेटकं नाही, खदाखदा. त्यांचे दोन्ही साहेबही. जनरेटर सुरू झाला, घर्र परत आलं, आणि मॅडम त्याच्यावर आवाज चढवून म्हणाल्या, “हे पुण्यात कोणाला सुचलं नसतं. विभाग इथेच राहू दे.” मग माझ्याकडे वळल्या. “हा खटका तुमच्या हातात. पुढचं मॉडेल तुम्ही सांभाळा.” आमच्या साहेबांनी तिथेच डोळे पुसले आणि उरलेली संत्रा बर्फी सगळ्यांच्या हातात कोंबली. ऐकते की आता पुण्यालाही शनिवारी पोह्यांची मीटिंग भरते. तिथे तर्री मिळत नाही, म्हणून ‘नाही’ म्हणणाऱ्याला काय करतात कोण जाणे.

मी त्या दिवशी सुट्टी न मागता घरी पळाले. भर उन्हात, स्कूटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून, आत एकटीच हसत. दार लोटलं. आई भिंतीला टेकून पेंगत होती, शेजारी दोरीने बांधलेले डबे. बाबा कूलरसमोर गाढ झोपलेले, खटका पूर्ण फिरवलेला. हाका मारून उठवणं जिवावर आलं. म्हणून मी नुसता कूलर बंद केला.

बाबांनी लगेच डोळे उघडले. “काय झालं वं?”

“बाबा, मी नाही जाऊन राहिली पुण्याले. इथंच राहणार. काम इथंच मिळालं, मोठं.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कूस बदलली, तोंड भिंतीकडे केलं आणि जाड आवाजात म्हणाले, “मंग कूलर काहून बंद केला? लाव ना.”

मी लावला. खटका पूर्ण फिरवला. आई उठून डब्यांची दोरी सोडायला लागली. बाबांचे डोळे मिटलेले होते, पण ते झोपले नव्हते. चटईवर त्यांचा उजवा पाय हळूहळू खालीवर होत होता, मागाची पावडी दाबताना व्हायचा तसा.